अनपेक्षित, अठरा टक्के

एप्रिलमध्ये इथली जमीन खोटं बोलते.
वरची वीतभर माती लोण्यासारखी, खाली अजून बर्फ,
आणि सळई बर्फावर आपटली
की खडक लागल्यासारखीच वाजते.
म्हणून मी मे महिन्याची वाट पाहते.
गिऱ्हाइकांना मे परवडत नाही.

या खेपेला थिबोदो बहीणभाऊ,
हॅलिफॅक्सहून आलेले, बूट कोरे करकरीत.
सव्वीस एकर, चौदा प्लॉट, एक वळणाचा रस्ता.
नकाशावर सगळंच हिरवं आणि सपाट.
"वर्ना, आम्हाला फक्त आकडा हवाय," मार्सेल म्हणाला,
डॉक्टरला कुणी म्हणावं तसं :
बाकी राहू द्या, किती दिवस तेवढं सांगा.

मी सळई काढली. दीड मीटर लोखंड, वर आडवा दांडा.
दहा पावलं, एक भोक. दहा पावलं, एक भोक.
भस्स झालं की पाणथळ : मोरी, कापड, खडी, पुन्हा खडी.
खर्रर्र झालं तर मुरूम, देव भलं करो.
टण् म्हणजे धोंडा,
असेल बादलीएवढा, असेल बसएवढा,
पाऊलभर सरकून त्याला पुन्हा विचारायचं.
तीनदा सरकूनही टण् आलं
तर वहीत 'सुरुंग' लिहायचं
आणि चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही.

झाडांचं सोपं असतं. झाडं दिसतात.
स्प्रूसचे ओंडके गिरणीवाला उचलतो, चार पैसे परतही येतात.
पण बुंधा मुळासकट उपसायचा दर
झाड पाडायच्या दराच्या तिप्पट,
हे आजवर कुणाला एका बैठकीत पटलेलं नाही.

सातव्या प्लॉटवर, स्प्रूसच्या दाटीत,
एक सफरचंदाचं झाड उभं होतं, अर्धं वाळलेलं.
सफरचंद आपणहून जंगलात जात नाही.
"हलू नका," मी म्हणाले,
आणि पाय घासत घासत पुढे गेले.
शेवाळलेल्या फळ्यांखाली विहीर निघाली,
साडेपाच मीटर, तळाशी आभाळाचं एक ठिगळ.
"कुणाची असेल?" ओदिलनं विचारलं.
माझ्या वहीत तो रकाना नाही.
मी लिहिलं : बुजवणे, खडी सात घनमीटर, वर काँक्रीटचं झाकण.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात, कालवांच्या सूपाशेजारी,
मार्सेलचं बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.
"हे 'अनपेक्षित' काय? अठरा टक्के?
ज्याला नावच नाही त्याचे पैसे का मोजायचे?"

एकोणीस वर्षांपूर्वी मी पाच लिहिले होते.
डेल्बर्ट सॉल्नियेला ते काम हवंच होतं,
आणि मला त्याला ते मिळायला हवं होतं,
म्हणून हात राखून लिहायचं ते मोकळ्या हातानं लिहिलं.
खडक तिरका उतरत गेला होता
माझ्या दोन भोकांच्या बरोबर मधून.
सप्टेंबरात बँकेनं त्याचा बुलडोझर नेला.
अजून दुकानात भेटतो तेव्हा तो हात वर करतो.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यातलं मी मार्सेलला काही सांगितलं नाही.
"जमीन आहे," एवढंच म्हणाले, आणि पाव पुढे केला.

ओदिल मघापासून नकाशा फिरवत बसली होती.
"रस्ता त्या झाडाला वळसा घालून नेला तर?"
मी हिशेब केला. हिशेब कशाचाही होतो.
अकरा मीटर जास्त, एक मोरी सरकवायची :
चार हजार दोनशे डॉलर.
मार्सेल हसला. "अर्ध्या वाळलेल्या झाडासाठी?"
ती काही बोलली नाही.
पेन्सिल घेऊन तिनं ती ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली,
'अनपेक्षित'च्या बरोबर वर.

कागद गेला त्याला सहा आठवडे झाले.
काळ्या माश्या सुटल्यात, जमीन आता खरं बोलेल.
मी काल पुन्हा गेले होते, न बोलावता,
सळई घेऊन,
माझ्याच जुन्या भोकांच्या मधल्या जागा तपासायला.